मंगलवहिनीची हळद

माझं माहेर डोंबिवलीच्या पूर्वेला, स्टेशनपासून तासभर चालत गेलं की लागणारं आगऱ्यांचं गाव. आता तिथं गाव शोधायला गेलात तर देऊळ सापडेल, अर्धं बुजवलेलं तळं सापडेल, आणि बाकी सगळे टॉवर. पण माझ्या लहानपणी आमच्या आळीतून उभं राहिलं की थेट खाडीपर्यंत भातशेतं दिसायची. घरं एकमेकांना इतकी खेटून होती की एका घरात भाकऱ्या थापायला सुरुवात झाली की तो थापथाप आवाज भिंतीपलीकडे जायचा, तिथून पुढच्या घरात, आणि उजाडेपर्यंत सगळी आळी टाळ्या वाजवत जागी झाल्यासारखी वाटायची. तांदळाची उकड, तिच्यात बुडवलेले हात, परातीतली गरम वाफ आणि शेजारी निखाऱ्यावर भाजलेलं सुकट. त्या वासानं मला अजून भूक लागते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणून सून माझ्यापासून सुकटाची बरणी लपवते. बरणी कुठे असते ते मला ठाऊक आहे.

आमच्या आळीत बायकांची एकमेकींकडे सावड असायची. म्हणजे आज सगळ्या जणी मिळून एकीच्या शेतात भाताची आवणी, म्हणजे लावणी, करायच्या, उद्या दुसरीच्या. कोणी कोणाला मजुरी द्यायची नाही, फक्त जिचं शेत तिनं दुपारचं जेवण आणायचं. कोणाकडे चिंबोरीचं कालवण, कोणाकडे नुसती मिरची आणि कांदा. पण सगळ्या एकाच बांधावर बसून जेवायच्या. सावड शेतापुरती नव्हती. एखादी बाळंत झाली की तिची चूल आळीची व्हायची. एकीनं पाणी तापवायचं, दुसरीनं पोराला न्हाऊ घालायचं, तिसरीनं तिच्या थोरल्या पोरांना आपल्याकडे जेवायला न्यायचं. मी स्वतः कितीतरी घरांत जेवून वाढले. संध्याकाळी आई अंगणात उभी राहून "बारके, कोनाचे घरान हायस?" अशी हाक मारायची, आणि ज्या घरातून "जेवतंय, जेवतंय" असं उत्तर यायचं त्या घराकडे न बघताच ती आत वळायची.

या सगळ्या बायकांत धाकूमावशीचा मान वेगळा होता. ती आमची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणजे धवले गाणारी. आमच्यातल्या लग्नांत भटजी येण्याच्या कितीतरी आधीपासून धवलारीण येते. मांडवाचा पहिला खांब, जात्यावर दळली जाणारी हळद, नवरीची आंघोळ, प्रत्येक कामाचा धवला ठरलेला. ती गाते तेव्हा ते काम होतं, ती थांबली की काम थांबतं. वाद्य नाही, टाळी नाही, नुसता लांबवलेला गळा. ती एक ओळ म्हणणार आणि मागे बसलेली जोडीदारीण ती उचलणार. धाकूमावशीची जोडीदारीण म्हणजे सुंदरकाकू, आमच्या गावचे पंच गोविंदतात्या यांची बायको. दोघींचे आवाज असे जुळायचे की कुठे एक संपला आणि दुसरा सुरू झाला ते कळायचं नाही. मी दोघींच्या पाठीला चिकटून बसायची. काही न शिकवता मला अर्धे धवले पाठ झाले होते.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. त्याच्या दोन वर्षं आधी माझा थोरला भाऊ कावीळ होऊन गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको मंगलवहिनी मुरबाडकडची, आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेली. दादाच्या मागे मामानं निरोप पाठवला की तिला तिथेच राहू दे, आमच्याकडे जागा नाही. ती राहिली. माझ्या शेजारी झोपायची, माझ्या वेण्या घालायची, शेतात आईच्या बरोबरीनं राबायची. घरात तिचा आवाज इतका कमी ऐकू यायचा की कधी कधी ती आहे हे आम्ही विसरायचो, आणि मग तिनं घासून ठेवलेली भांडी बघून आठवायचं.

भात कापून झालं की त्याच शेतात आम्ही वाल लावायचो. एका सकाळी आम्ही सगळ्या जणी वालाच्या शेंगा खुडत होतो. सुंदरकाकू कोणाची तरी नक्कल करत होती, बहुतेक गोविंदतात्यांचीच, पानाची पिंक टाकून बोलतात तशी. आम्ही हसलो, आणि मंगलवहिनीही हसली. मोठ्यानं, मान मागे टाकून. दुसऱ्याच क्षणी तिनं पदर तोंडात कोंबला आणि खाली बसून भराभरा शेंगा खुडायला लागली, जणू चोरी पकडली गेली होती. बाकीच्या पुन्हा शेंगांकडे वळल्या. पण आईचे हात थांबलेले मी पाहिले. घरी येताना टोपली डोक्यावर घेऊन ती माझ्यापुढे चालत होती, आणि मध्येच, मागे न बघता, म्हणाली, "बावीस वर्साची पोर हसली आन घाबरली. माजं पोर तर परत येनार नाय. मंग हिला घरान कोंडून मी कोनाचं भलं करतंय?"

त्या दिवसापासून आई स्थळ शोधायला लागली. सासूनं सुनेसाठी नवरा शोधायचा, ही गोष्ट तेव्हा आमच्याकडे कोणी ऐकली नव्हती. ती डोंबिवलीच्या बाजारात भाजी विकायला बसायची. तिच्या शेजारी टिटवाळ्याकडची एक बाई बसायची, गावठी काकड्या आणि कारली घेऊन. दोघी एकमेकींची टोपली सांभाळायच्या, डबा वाटून खायच्या. त्या बाईचा मुलगा रघुनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात होता, बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नव्हतं. एके दिवशी आई वहिनीला मुद्दाम बाजारात घेऊन गेली. रघुनाथ शिफ्टवरून सुटून आपल्या आईची टोपली उचलायला आला. तो वहिनीकडे बघतच नव्हता, खाली मान घालून काकड्यांची रास लावत होता. लावलेली रास मोडून परत लावत होता. घरी येताना आईनं विचारलं, "कसा वाटला?" वहिनी म्हणाली, "काकऱ्या चांगल्या लावतंय." आई इतकी हसली की तिला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं.

मग गोष्ट गावात गेली. गोविंदतात्या आणि दोन-तीन म्हातारी माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली. बाबा भिंतीला टेकून बसले होते. दादा गेल्यापासून बाबा फारसे बोलत नसत. गोविंदतात्या वाईट माणूस नव्हते, अडल्यानडल्याला धावून यायचे. पण रीत म्हणजे रीत.

"पाट लावा," ते म्हणाले. "आमी कुठं नाय म्हनतो? पन कालोख परला का शिवेवर जायाचं, चार मानसं, नारल द्यायचा, झालं. हलद नाय, मांडव नाय. धवला तर नायच नाय."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते चालायचं, पण असंच, अंधारात, कोणाच्या नजरेला न पडता.

आई दाराआडून बाहेर आली. "कालोखान कोनी पोर धाडतं का? ती काय चोरीचा माल हाय?"

"ती तुझी पोर नाय, सून हाय."

"दोन वरसं माजे उशाला झोपतेय. मना ठावूक हाय ती कोन हाय."

तात्यांनी वाद वाढवला नाही. ओट्याच्या कडेला बसलेल्या धाकूमावशीकडे वळून ते म्हणाले, "धाके, तूच सांग. पाटाला धवला कवा म्हटलाय कोनी?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मावशी बोलेल. पण तिनं चप्पल पायात सरकवली आणि घरी निघून गेली. तात्या म्हणाले, "बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला कोलंबीचं कालवण देऊन मावशीकडे पाठवलं. काही विचारू नको, नुसतं देऊन ये, असं सांगून. मावशी मागच्या दाराशी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी वाटी ठेवली, पण पाय निघेना. तिनं वर न बघताच मला बस म्हटलं, आणि बोलायला लागली.

"मना आनली ती अशीच. डोक्यावर घोंगरं टाकून. माजा पयला नवरा खाडीन बुडाला, मंग यांच्याशी पाट लावला. याच दारानं आत घेतली. सूर्य वर येईपरयंत कोनाला तोंड दाखवू नको म्हनले. मी इथंच, या खुराऱ्याजवल बसले. सूर्य वर आला. पन बाहेर ये म्हनून सांगाला कोनी आलंच नाय. मंग माजी मीच उठले."

"मग तू धवले कशी शिकलीस?" मी विचारलं.

"मना पुढं बसू देत नव्हत्या. मागं बसून काय करनार? आयकत ऱ्हायले. जुनी धवलारीन म्हातारी झाली, तिला भर मांडवान ओल आठवना. मी मागनं सांगितली. तवापासून पुढं बसवली." ती थोडं हसली. "तरी बग बायो, एवढी लग्नं लावली, कोना नवरीला हलद नाय लावली मी. पाटाची बाय गायाला चालते, लावाला नाय चालत."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तिच्या पाठीला चिकटून बसले, पण हळद लावायची वेळ आली की ती दोन्ही हात मांडीखाली घेऊन गात बसायची, ते मला तिची सवय वाटायचं. मी घरी आले ती धावतच, आणि आईला सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे केलं. संध्याकाळी धाकूमावशी स्वतः आमच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच आईला म्हणाली, "जातं पुसून ठेव. हलद आपन आपली दलू." एवढंच बोलून गेली.

मांडवाच्या दिवशी गावातल्या पुरुषांना अचानक खूप कामं निघाली. कोणाला भिवंडीला जायचं होतं, कोणाचा बैल लंगडत होता. गोविंदतात्यांनी सुंदरकाकूला आमच्या दारात पाय ठेवू नको म्हणून बजावलं होतं. मग सावडीच्या बायकांनीच कासोटे खोचले, पहारी घेतल्या आणि अंगणात खड्डे खणले. आवणी करणाऱ्या हातांना खड्डे जड नव्हते, पण खांब उभा करायची कोणाला सवय नव्हती. मांडव एका बाजूला असा कलला की आम्ही मुली त्याला खेटून उभ्या राहिलो. हसून हसून कोणाच्या अंगात बळ उरलं नव्हतं. बाबा ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. शेवटी ते उठले. "अशी पुरतात काय मेढ?" म्हणत त्यांनी आईच्या हातातली पहार घेतली, खांब उपटून पुन्हा सरळ पुरला, माती दाबली. मग कोयता घेऊन निघून गेले. मला वाटलं, रागावले. घटकाभरानं परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर उंबराची फांदी होती. लग्नघराच्या मांडवाला ती नवरीच्या बापानं आणायची असते. त्यांनी ती खांबाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि वहिनीला म्हणाले, "बग गो, नीट बांधली का?" वहिनीनं मान हलवली.

दुपारी हळद. वहिनी पाटावर बसली, बायका भोवती दाटीनं बसल्या, आणि मागे ओळ उचलायला कोणीच नाही. धाकूमावशीनं माझ्याकडे पाहिलं. "बस मागं," ती म्हणाली. तिनं पहिली ओळ टाकली. तो आवाज असा उंच गेला की गावात घरोघरी बसलेल्यांना कळलं असेल काय सुरू झालंय ते. मी ओळ उचलली. पहिल्या दोन-तीन कडव्यांना जमलं, मग श्वास पुरेना, सूर खाली यायला लागला. मी डोळे मिटून रेटत होते आणि अचानक माझ्या आवाजाखाली दुसरा आवाज आला, जाडसर, ओळखीचा. डोळे उघडले तर सुंदरकाकू माझ्या शेजारी मांडी घालत होती, हाताला भाकरीचं पीठ तसंच. ओळ पुरी करून, पुढची यायच्या आधी, ती माझ्या कानाशी म्हणाली, "सरक जरा. कुठवर आलाव?"

मग हळद लावायची वेळ आली. पहिला हात पहिल्या लग्नाच्या सवाष्णीचा, म्हणून आईनं वाटी सुंदरकाकूपुढे केली. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "पयली धाकूमावशी."

मावशी ओळीच्या मध्येच थांबली. तिला असं मध्येच थांबलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. तिचे हात मांडीखाली होते. "मना नाय चालत, बाय."

"मंग मनापन नाय चालायची," वहिनी म्हणाली. दोन वर्षांत तिचा इतका स्वच्छ आवाज मी ऐकला नव्हता. "उद्यापासून मीपन पाटाचीच."

आई मावशीजवळ गेली, खाली बसली, तिचे दोन्ही हात मांडीखालून ओढून काढले आणि मनगटापर्यंत हळदीत बुडवले. मावशी आपल्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं ते वहिनीच्या गालांना लावले, कपाळाला, गळ्याला, दंडांना, सावकाश, लहान पोराला न्हाऊ घालावं तसे. आणि ती रडत नव्हती, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुढच्या पडलेल्या दातांतून हसत होती. सुंदरकाकूनं हळदीची मूठ भरली आणि सरळ मावशीच्या तोंडाला फासली. मग कोणी कोणाला ऐकेना. बायका अंगणभर एकमेकींच्या मागे धावत होत्या, कोंबड्या उडत होत्या, माझी शाळेची एकुलती एक चांगली ओढणी पिवळी झाली. धाकूमावशीला पळता येत नव्हतं, म्हणून ती मांडवाच्या मधोमध उभी राहून जी हाताशी येईल तिला पकडत होती.

हल्लीच्या हळदी मी पाहते. डीजे, रंगीत दिवे, वरून ड्रोन. मला आवडतात, खोटं कशाला बोलू. कोलशेतला मुलाकडे राहायला आल्यापासून इथल्या पोरी मला धवला म्हणायला घेऊन जातात. डीजे दहा मिनिटं बंद करतात आणि मोबाइल समोर धरतात. माझी नात तन्वी त्यांना सांगते, आजीला मध्ये थांबवायचं नाही. एकदा तिचंच रेकॉर्डिंग अडकलं, तर मलाच म्हणते, "आजी, परत म्हण ना, फोन हँग झालेला." मी म्हटलं, "बाय, धवला परत म्हणत नसतात. मागे बस आणि ओळ उचल." आता ती बसते. उच्चार शहरी आहेत, पण श्वास माझ्यापेक्षा लांब आहे.

तर, त्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली तशी एक गंमत लक्षात आली. आळीतल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात, त्यामुळे गावात जवळजवळ कुठेच चूल पेटली नव्हती. हे आईनं ठरवून केलं होतं का, मी तिला पुष्कळदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही. एकेक पुरुष कशाची तरी चौकशी करायच्या निमित्तानं येऊ लागला. पातेल्यात मटणाचा रस्सा उकळत होता, तांदळाच्या वड्यांचा घाणा तळला जात होता. सगळ्यांत शेवटी गोविंदतात्या आले आणि मांडवाच्या बाहेर उभे राहिले.

"आमचे घरान चूल नाय पेटली," ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

"पेटनार कशी? पेटवनारी इकरं हाय," सुंदरकाकू आतून म्हणाली.

बाबा उठले, तात्यांचा हात धरून त्यांना पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. तात्या गप्प जेवले. बरोबर झालं की चूक, याबद्दल ते तेव्हाही बोलले नाहीत आणि पुढे कधीही नाही. रस्सा बरा झालाय, एवढं म्हणाले, आणि भाकरी आणखी मागून घेतली. पण दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याहून वऱ्हाडाचा ट्रक आला तेव्हा स्वच्छ टोपी घालून वेशीवर सर्वांत पुढे तेच उभे होते. वऱ्हाडाला पाणी कमी पडलं तर गावाची अब्रू जाते, म्हणून पोरांवर ओरडत होते. लग्न भर उन्हात लागलं. रघुनाथ घामानं निथळत होता, मुंडावळ्या कपाळाला चिकटल्या होत्या, आणि या वेळी मात्र तो खाली बघत नव्हता. दोन्ही आया मांडवाच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी बसून, आपल्या जागेवर आज बाजारात कोण बसलं असेल याची काळजी करत होत्या.

वहिनी गेली आणि घर फार मोकळं झालं. रात्री माझ्या शेजारची जागा रिकामी असायची. धाकूमावशी त्यानंतर प्रत्येक लग्नात गायलीही आणि हळदही लावली, आणि तिला कोणी अडवलं नाही. मी तिच्याकडे रोज संध्याकाळी जायला लागले, आणि राहिलेले धवले शिकले.

दिवाळीला मंगलवहिनी आली. आमच्या घरी सून होती तेव्हा ती कधी आमच्याआधी जेवली नव्हती. आई ताट वाढून बोलवायची तेव्हाच उठायची. भूक हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. रघुनाथ मागून पिशव्या घेऊन येत होता. अंगात थोडी भरली होती ती, चालताना बांगड्या वाजत होत्या. मला वाटलं, आत जाऊन आधी आईच्या पाया पडेल. ती पडली नाही. ओट्यावर पाय लांब करून बसली, पाठ भिंतीला टेकली, आणि आत ओरडून म्हणाली, "आये, भूक लागलीय. काय केलंयस?"

आई चुलीपुढे होती. तिच्या हातातली भाकरी थापायची थांबली. बाबांनी ताट पुढे केलं होतं, तव्यावरची भाकरी त्यांच्यासाठी होती. आईनं ती उचलली, बाबांच्या ताटावरून तशीच पुढे नेली आणि दाराकडे जात म्हणाली, "दम नाय कसला तो. आताच तर आलीस, मेले."